वॉटर व्होल ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एखाद्या कालव्याकाठी फिरताना पाण्यात 'डुबुक्' होतं, तपकिरी पाठ दिसते आणि आपल्या तोंडून निघतं, "ई, घूस!" खरी घूस त्या देशात नाहीच. तो तपकिरी उंदीर असेल किंवा वॉटर व्होल, म्हणजे पाण्याकाठी बिळात राहणारा, उंदरासारखा दिसणारा गवतखाऊ प्राणी. ही गफलत महागात पडू शकते, कारण ब्रिटनमध्ये व्होलचं बीळ मोडणंही गुन्हा आहे. तेव्हा विषाची गोळी टाकण्याआधी नीट बघा.

पोहतोय म्हणजे व्होलच, असं धरू नका. उंदीरही झकास पोहतो. आकारही फसवतो. अर्धवट वाढलेला उंदीर आणि मोठा व्होल एकाच मापाचे भरतात. बघायचं ते तोंड, कान आणि शेपूट. उंदराचं तोंड निमुळतं, कान उघडे, शेपूट लांब आणि खवल्यांची. व्होलचं नाक बोथट, गाल गुबगुबीत, कान केसांत बुडालेले, शेपूट आखूड आणि केसाळ. रंगावर भिस्त ठेवू नका, स्कॉटलंडमध्ये काळेकुट्ट व्होलही पुष्कळ.

चिखलातल्या ठशांवरून निकाल लावायला जाल तर फसाल: दोघांच्याही पुढच्या पायाला ४ बोटं, मागच्याला ५. त्यापेक्षा काठावरचं गवत बघा. व्होल देठ तिरके कापतो आणि बोटभर लांबीच्या तुकड्यांचा ढीग तिथेच टाकून जातो, कुणी भाजी निवडून ठेवल्यासारखा. त्याच्या लेंड्याही ठरलेल्या जागी साचलेल्या, दोन्ही टोकांना बोथट, वास जवळपास नाहीच.

वर्गीकरणात एक चूक हमखास होते. व्होल कृंतक (कुरतडणारा प्राणी) खरा, पण घरच्या उंदराच्या म्युरिडी कुळातला नव्हे. तो क्रिसेटिडी कुळातला, म्हणजे हॅमस्टर आणि लेमिंग हे त्याचे भाऊबंद. त्याच्या दाढांना मुळं नसतात. गवत चावून त्या झिजतात आणि जन्मभर वाढत राहतात. नावात साम्य असलेला 'मोल' तर कृंतकही नाही. गांडुळं खाणारा तो प्राणी आपल्या चिचुंद्रीच्या गणातला.

व्होलचं शास्त्रीय नाव म्हणून जुन्या पुस्तकात आर्विकोला टेरेस्ट्रिस आणि नव्या पुस्तकात आर्विकोला अँफिबियस दिसलं, तर वहीत दोन प्राणी लिहू नका. यातली टेरेस्ट्रिस आणि अँफिबियस ही दोन्ही जातिनामं प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दिली. पुढे ती एकाच जातीची मानली गेली आणि अँफिबियस टिकलं. स्पेन-फ्रान्सकडचा आर्विकोला सॅपिडस मात्र खरोखर वेगळा आहे, त्याची नोंद स्वतंत्रच ठेवा.