गावाकडच्या शुगरवाल्या आईवडिलांची किडनी कशी सांभाळायची

आमच्या अण्णांना बारा वर्षं शुगर. दर महिन्याला बोट टोचायचं, आकडा २००च्या आत आला की सगळे खुश. किडनीचं नाव ना डॉक्टरांनी काढलं ना आम्ही. पायाला सूज आली तेव्हा कुठे क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी नीट गाळत नसेल तर वाढतो) केलं, तर २.८! किडनी दुखत नाही हो, हाच सगळा घोळ आहे. म्हणून उशिरा शिकलो ते लिहितोय.

वर्षातून एकदा दोन टेस्ट करायच्याच. एक लघवीची, एसीआर म्हणतात, लघवीतून प्रोटीन किती गळतंय ते कळतं, आणि दुसरी रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय तो आकडा, काढतात. टाइप २ असेल तर शुगर निघाली त्याच वर्षापासून, कारण ती आधी किती वर्षं अंगात मुरलेली असते कोण जाणे. एसीआर ३०च्या खाली म्हणजे ठीक, ३० ते ३०० म्हणजे प्रोटीन गळायला लागलंय पण अजून हातात आहे, ३००च्या वर गेलं तर आजच डॉक्टर गाठा. ईजीएफआर तीन महिने ६०च्या खाली राहिला तरी किडनीचा आजारच धरतात. आरोग्य केंद्रात लघवीत पट्टी बुडवून बघतात, तिला सुरुवातीचं गळणं बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे 'निल' लिहून आलं म्हणजे सुटलो असं नाही. सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या, ताप किंवा जळजळ असेल तर थांबा, आकडा फुगतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका, तीन ते सहा महिन्यांत परत करतात, तीनपैकी दोनदा जास्त आला तर मग खरं.

आता तालुक्याला जायचं म्हणजे एसटी, एका माणसाची मजुरी बुडते, सगळं मान्य. म्हणून बाजाराच्या दिवशीच जा. बीपी आणि शुगर तर उपकेंद्रातही बघतात, तीस वर्षांच्या पुढच्यांची तपासणी तिथे होते, आशाताईंना विचारा. पण एसीआर बहुतेक बाहेरच्या लॅबमध्येच करावी लागेल. सगळे रिपोर्ट एकाच वहीत चिकटवा, कारण डॉक्टर बदलतात, वही बदलत नाही.

शुगरएवढंच बीपी महत्त्वाचं, साधारण १३०/८०च्या आत. टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या गोळ्या बीपीबरोबर किडनीचं गळणंही कमी करतात, पण चालू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं, तेच लोक विसरतात. डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी किडनीसाठीही चांगली, पेटंट संपल्यावर स्वस्त झालीय, डॉक्टरांना विचारून बघा. मात्र उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास असेल तेव्हा ती, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) काही दिवस थांबवायचं का, हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवा, रात्री दोनला कुणी फोन उचलत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र कंबरेची सुई. कापूस वेचून पाठ धरली की गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, वर डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, दोन तासात माणूस परत शेतात. अण्णांनी वर्षानुवर्षं हेच केलं. किडनी आधीच अशक्त असेल तर ही औषधं तिला खाली बसवतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि 'मला शुगर आहे, किडनीला चालेल असंच द्या' हे आधीच बोलायला शिकवा. लेबल नसलेली भस्मं, चूर्णंही नकोत, कितीही पाहुण्यांनी आणून दिली तरी. मीठ कमी म्हणजे लोणचं, पापड, सुकट पण कमी. सैंधव हेही मीठच आहे बरं का! आणि लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको.

एक फसवी गोष्ट. काही न बदलता शुगर आपोआप खाली यायला लागली, इन्सुलिन कमी लागायला लागलं, की घरात पेढे वाटू नका. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात, म्हणून आकडा पडतो. आम्ही दोन महिने खुश होतो. घाम, थरथर दिसली तर लगेच साखर द्या आणि त्याच आठवड्यात क्रिएटिनिन करा.

ईजीएफआर ३०च्या खाली गेला की नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवाच, शंभर किलोमीटर लांब असला तरी. आणि तेव्हापासून ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताची शीर जपा, पुढे डायलिसिस लागलं तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडतात ती जागा) बहुतेक तिथेच करतात. सलाईन लावायचंच असेल तर पंजाच्या मागच्या बाजूला लावा म्हणून सांगा, नर्सताई चिडल्या तरी चालेल.