चांदीचे दागिने: घेताना काय तपासायचं, काळे पडले तर काय करायचं

दागिना काळा पडला म्हणजे चांदी खोटी, हा समज आधी काढून टाका. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो आधी पिवळट दिसतो, मग तपकिरी, शेवटी काळा. खऱ्या चांदीचंही हेच होतं. दागिन्याची वाट लागते ती बहुतेक वेळा चुकीच्या घासण्याने. त्यामुळे घेतानाच विचारून ठेवा: वरचा पृष्ठभाग साधा पॉलिशचा आहे, रोडियमचा (चांदीवर चढवलेला पांढऱ्या चकचकीत धातूचा थर), ऑक्सिडाइज्ड (मुद्दाम काळपट केलेला) की सोन्याच्या मुलाम्याचा? पुढची सगळी निगा या उत्तरावर ठरते.

९२५ ची छाप म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. शुद्ध म्हणजे ९९९ चांदी मऊ असते. जाड कड्याला ती चालते, पण खड्याच्या अंगठीला नको, कारण खडा धरणारी नखं वाकून उघडतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी असे कानातले टाळावेत.

छाप खोटीही मारता येते. चुंबकाला दागिना चिकटला तर तो चांदीचा नाही, पण चिकटला नाही म्हणून चांदीचा ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. आणखी एक गोष्ट: साखळीच्या हुकातली स्प्रिंग स्टीलची असू शकते. तेवढाच भाग ओढला गेला तर घाबरू नका.

बिनखड्याच्या भरीव दागिन्याची घनता घरी मोजता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. दागिन्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. ९२५ चांदीचं उत्तर १०.३ ते १०.४ च्या आसपास येतं, पितळाचं ८.५ च्या आसपास. म्हणजे २०.७ ग्रॅमच्या कड्याला काटा साधारण २ ग्रॅम दाखवेल. बुडबुडे चिकटले असतील तर उत्तर कमी येतं, ते आधी झटकून टाका. मात्र चांदीच्या पत्र्याखाली जड धातू भरलेला असेल, तर ही चाचणी फसू शकते.

घडण बघताना साखळीच्या टोकाच्या कड्या झाळलेल्या आहेत का ते पाहा. नुसत्या दाबून बंद केलेल्या कड्या ओढ बसली की उघडतात. खड्याच्या नखांवरून मऊ कापड फिरवा. धागा अडकला तर नख उचललेलं आहे. रोज घालायच्या अंगठीची पट्टी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी. पोकळ कडं हलकं असतं खरं, पण पोचा गेला तर सरळ करणं कठीण.

नेहमीच्या सफाईला कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. नंतर धुऊन लगेच पुसा, कोरीव भाग पूर्ण वाळू द्या. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी बारीक ओरखडे पडतात. पॉलिशचं कापड साध्या चांदीवरच वापरा. रोडियम किंवा सोन्याचा थर त्याने झिजत जातो.

साधी, बिनखड्याची चांदी फारच काळवंडली असेल तर:

१. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा. कुठलीही बाजू वर चालते.
२. त्यात एक लिटर कडकडीत गरम पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा मीठ घाला.
३. दागिना फॉइलला टेकेल असा दोन ते पाच मिनिटं ठेवा.
४. बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवा आणि पुसा.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर क्रिया चालू आहे असं समजा. यात सल्फाइडचं पुन्हा चांदीत रूपांतर होतं आणि गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून घासावं लागत नाही. पण ऑक्सिडाइज्ड दागिना यात कधीही बुडवू नका. नक्षीतला मुद्दाम आणलेला काळेपणाही असाच सल्फाइडचा असतो, तोही निघून जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. मोती, ओपल, फिरोजा किंवा गोंदाने बसवलेले खडे असतील तर तेही या पाण्यापासून लांबच ठेवा.

क्लोरीन चांदीचा शत्रू आहे. ब्लीच हाताळताना आणि पोहायला जाताना दागिने काढा. अत्तर, क्रीम लावून झाल्यावरच ते घाला.

ठेवताना प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. रबरबँड आणि लोकर जवळ नको, त्यांतल्या गंधकाने डाग पडतात. साखळीचा हूक लावून ठेवा, गाठी कमी पडतात. गाठ पडलीच तर ओढू नका: साखळी सपाट ठेवून दोन सुयांनी गाठ हळूहळू सैल करा.