बाल बाजार भरवताय? आधी सुट्टे आणा

शाळेत बाल बाजार, म्हणजे मुलांनीच दुकानं मांडून खरी विक्री करायचा बाजार, ठरला की सगळ्यांना मंडप, बॅनर आणि पाहुणे आधी आठवतात. ते होतंच, त्याची यादी लागत नाही. मी लिहितेय ते ज्यांना त्या बाजारातून तिसरी ते सातवीचं गणित काढायचंय त्यांच्यासाठी.

आठ दिवस आधी करायचं काम म्हणजे सुट्टे पैसे. मागच्या खेपेला मी नेमके तेच विसरले. बारा रुपयांची मेथी घेऊन एका आजोबांनी पन्नासची नोट पुढे केली, पोरीच्या डब्यात एक रुपया नाही, मग "राहू दे गं बाळा" सुरू झालं. शेजारच्या दुकानावर दोन रुपयांऐवजी चॉकलेट. थोड्या वेळात सगळ्यांनी सगळ्याचे भाव दहा करून टाकले. दहाची नोट द्या, वस्तू घ्या, चालू लागा. यात वजाबाकी कुठे राहिली?

म्हणून दर दुकानाला शंभर रुपयांचा गल्ला सुरुवातीलाच मोजून द्या. एकची १० नाणी, दोनची १०, पाचची ४ आणि दहाच्या ५ नोटा. वीस दुकानं असतील तर दोन हजार रुपये, त्यात एकची २०० आणि दोनची २०० नाणी. आदल्या दिवशी संध्याकाळी एवढी चिल्लर कुठेही मिळत नाही. दूध डेअरी, किराणावाला, देवळाची दानपेटी उघडणारी मंडळी, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. बँकेतही विचारा, पण तेवढ्यावर विसंबू नका. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर ऐकून घेऊ नका, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे सगळे १४ नमुने वैध असल्याचं स्पष्ट केलंय.

पालक आता फोन काढतात. दुकानावर क्यूआर लावू देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. स्कॅन केलं की मोड द्यायची वेळच येत नाही. दारातच एक सुट्ट्यांचं टेबल मांडा, तिथे एक शिक्षक बसवा. पाचशेची नोट किंवा फोनवरचे पैसे तिथे घ्यायचे, दहाच्या नोटा आणि चिल्लर द्यायची. आत फक्त रोख. या टेबलाचे सुट्टे वरच्या दोन हजारांत धरू नका, ते वेगळे आणा.

भाव दहाच्या पटीत नकोत. सात, बारा, अठरा असे ठेवायला लावा. मोड द्यायची पद्धत आदल्या आठवड्यात वर्गात खेळून घ्या. अठराची वस्तू, पन्नासची नोट. पुस्तकात हातचा घेऊन बत्तीस काढतात, दुकानदार तसं करत नाही. तो हातावर दोनचं नाणं ठेवून "वीस" म्हणतो, मग दहाच्या नोटा टाकत "तीस, चाळीस, पन्नास". हातचा चुकणारी पोरं यात चुकत नाहीत. पण खऱ्या नाण्यांनी खेळा, कागदी नाण्यांनी मजा येत नाही.

तराजू काट्याचा हवा. डिजिटल काटा आणलात तर तो रक्कमही दाखवतो, मग मुलांनी करायचं काय? वजनं ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅमची. पाव किलो मागितल्यावर पोरगं अडीचशेचं वजन शोधत बसतं, बसू द्या. दोनशेवर पन्नास ठेवायचं त्याला सुचेल. जुडीवाली दुकानं जास्त झाली तर नुसता गुणाकार होतो, तेव्हा वटाणा, गाजर, बटाटे विकणारे तीन-चार तरी बसवा. तिसरी-चौथीला किलोचा भाव चारनं भाग जाणारा द्या, चाळीस, साठ. सहावी-सातवीला मुद्दाम तीस. मग पाव किलोचे साडेसात होतात आणि पन्नास पैसे आणायचे कुठून, यावर गिऱ्हाइकाशी वाद होतो. होऊ द्या.

खर्चाचा कागद बाजाराआधी भरून घ्या, नंतर कुणाला काही आठवत नाही. भेळवाल्यानं कुरमुरे, फरसाण लिहिलं, पण घरचा कांदा, चिंच, द्रोण फुकटात धरले. तेही बाजारभावानं लिहायला लावा. समजा खर्च २५० आला, विक्री ४००, नफा १५०. शेकडा नफा विचारला की निम्मी मुलं चारशेनं भागतात आणि साडेसदतीस सांगतात. नफा खरेदीवर मोजायचा, म्हणजे साठ. सहावीला नफा-तोटा शिकवताना हाच कागद फळ्यावर काढा, वेगळं उदाहरण शोधू नका.

बाजार उठल्यावर डब्यातले पैसे म्हणजे विक्री नव्हे. आधी गल्ल्याचे शंभर बाजूला काढा. पुन्हा सांगते, शंभर बाजूला, मग मोजणी. नाहीतर भेळेची विक्री पाचशे दिसते आणि शेकडा नफा थेट शंभर होतो.

बाकी पाणी, कचऱ्याचे डबे, तळणाचं दुकान असेल तर गॅसजवळ मोठं माणूस, व्यवस्थापन समितीला निरोप. फोटो कुणीतरी काढतंच. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हिशेब, त्याच दिवशी, पुढच्या आठवड्यावर नको. उसने आणलेले पैसे ज्याचे त्याला परत. आणि डेअरीवाल्याला आजच फोन करा.