ग्रॅम ते ग्रॅम, पण मोलच्या वाटेने: रसायनाची गणितं अशी सोडवा

पऱ्हाटीला द्यायला आणलेली युरियाची चुंगडी घरात असेल, तर तिच्यावर नायट्रोजन ४६ टक्के असं छापलेलं दिसेल. हा आकडा वहीत काढून पाहा, सुरुवात तिथूनच करू.

युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. अणुवस्तुमानं अनुक्रमे १२, १६, १४ आणि १. म्हणजे १२ + १६ + २८ + ४ = ६०, हे झालं रेणुवस्तुमान. त्यात नायट्रोजन २८. २८ ला ६० ने भागून १०० ने गुणलं की ४६.६७ टक्के येतात. विकायचा युरिया अगदी शुद्ध नसतो, थोडा ओलावाही असतो, म्हणून चुंगडीवर ४६. आता ४५ किलोच्या चुंगडीत नायट्रोजन किती? ४५ × ०.४६ = २०.७ किलो.

इथवर बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती अभिक्रियेच्या गणितात. गोबरगॅसमधला मिथेन घ्या. प्रश्न असा: ३२ ग्रॅम मिथेन पूर्ण जळाला तर किती पाणी तयार होईल?

आधी संतुलित समीकरण लिहा. मिथेनचा १ रेणू ऑक्सिजनच्या २ रेणूंशी जळून कार्बन डायऑक्साइडचा १ आणि पाण्याचे २ रेणू देतो. हे पाहून अनेक जण ३२ ची दुप्पट करतात आणि ६४ ग्रॅम लिहून मोकळे होतात. साफ चूक! समीकरणातले १ आणि २ हे रेणूंचे, म्हणून मोलचेही, आकडे आहेत. (मोल म्हणजे डझनासारखा रेणूंचा एक ठरलेला, खूप मोठा गठ्ठा; रेणुवस्तुमान जेवढं, तेवढेच ग्रॅम एका मोलचं वजन.) ग्रॅमशी त्यांचा थेट संबंध नाही.

म्हणून ग्रॅमचे आधी मोल करा. मिथेनचं रेणुवस्तुमान १६, तेव्हा ३२ ÷ १६ = २ मोल. आता समीकरणाचं प्रमाण लावा: पाणी दुप्पट, म्हणजे ४ मोल. मग परत ग्रॅमवर या: पाण्याचं रेणुवस्तुमान १८, तेव्हा ४ × १८ = ७२ ग्रॅम. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहाच. मोल कुठे संपले आणि ग्रॅम कुठे सुरू झाले, हे त्यावरूनच कळतं.

उत्तर तपासायला दोन मिनिटं लागतात. ऑक्सिजन लागला ४ मोल, म्हणजे १२८ ग्रॅम. आत गेले ३२ + १२८ = १६० ग्रॅम. बाहेर आले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ७२ ग्रॅम पाणी, तेही १६०. जमलं.

प्रश्नात 'शुद्धता' आली तर घाबरू नका, फक्त शुद्ध भाग आधी वेगळा काढा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांना लागणारी चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, रेणुवस्तुमान १००. तापवल्यावर त्याच्या एका मोलपासून एक मोल कळीचा चुना मिळतो, रेणुवस्तुमान ५६. आता ९० टक्के शुद्ध असलेली ५०० ग्रॅम चुनखडी भाजली, तर कळीचा चुना किती ग्रॅम मिळेल? उत्तर २५२ यायला हवं. २८० आलं असेल तर ९० टक्के राहून गेले.