शाळेच्या ग्रंथालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

पदवीनंतर एक वर्षाचा बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम) केला की शालेय ग्रंथपालपदासाठी लागणारी मुख्य पात्रता हातात येते. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन्ही पर्याय आहेत. महाराष्ट्रातल्या खाजगी अनुदानित शाळांत ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोडतो आणि पद पूर्णवेळ की अर्धवेळ हे विद्यार्थीसंख्येवर ठरतं. पद मंजूर आहे का, हे नेमणूक घेण्याआधीच स्पष्ट विचारावं.

अभ्यासक्रमात वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), संदर्भसेवा (वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं) हे सगळं नीट शिकवतात. तरीही कित्येक शाळांत पुस्तकं कुलूपबंदच असतात, आणि त्यामागे बहुतेकदा भीती असते: पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील. ही भीती चोख नोंदींनीच जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून लक्ष नोंदींवर हवं.

पदभार घेताना आधीच्या व्यक्तीकडून दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेली वही, घ्या आणि प्रत्यक्ष पुस्तकं मोजल्याशिवाय 'सर्व पुस्तके मिळाली' यावर सही करू नका. मोजायला वेळ नसेल तर 'पडताळणीच्या अधीन राहून' असं लिहून सही करा. नवं पुस्तक आलं की बिलाशी ताडून पाहा आणि नोंदवहीत त्याचा दाखल क्रमांक (पुस्तकाचा स्वतःचा अनुक्रमांक), तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, बिल क्रमांक लिहा. तोच दाखल क्रमांक बिलावरही त्या पुस्तकासमोर टाका. लेखापरीक्षक आधी तिथेच बघतो. शिक्का शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर मारा, म्हणजे मुखपृष्ठ फाटलं तरी पुस्तक ओळखता येतं. भेट आलेल्या पुस्तकालाही क्रमांक द्यायचा. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक मात्र दुसऱ्याला कधीही देऊ नका.

वर्गीकरणात फार खोल जाऊ नये. विषयांना क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला 891.46 आहे, कवितेला 891.461 आणि कथा-कादंबरीला 891.463. शाळेला एवढं पुरतं. पहिली ते चौथीच्या मुलांना दशांश कळत नाहीत. त्यांच्या पुस्तकांच्या कण्यावर वाचनपातळीप्रमाणे रंगीत पट्टी लावा.

संगणकावर नोंदी करताना मराठी युनिकोडमध्येच टंकलेखन करा. जुन्या फाँटमध्ये भरलेली यादी छापून छान दिसते, पण दुसऱ्या संगणकावर किंवा कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत नेली की अक्षरांची खिचडी होते आणि शोध लागत नाही. लेखकाचं नावही एकाच पद्धतीने लिहा, आधी आडनाव. एकदा 'नारळीकर, जयंत' आणि एकदा 'ज. वि. नारळीकर' लिहिलं तर एकाच लेखकाची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरतात. दोन-चार हजार पुस्तकांना साधी एक्सेल यादीही चालते, फक्त आठवड्याला तिची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पुस्तकांच्या देवघेवीत. तास 35 मिनिटांचा, मुलं 50. एका नोंदीला मिनिट धरलं तरी तास संपतो आणि वाचन राहून जातं. मग 'पुढच्या वेळी देऊ' सुरू होतं आणि मुलं येणं सोडतात. यावर उपाय आहे. परतीची पुस्तकं सकाळीच वर्गप्रतिनिधीकडून गठ्ठ्याने मागवा. मुलांची कार्डं तुकडीवार, हजेरी क्रमांकाने लावून ठेवा. या आठवड्यात विषम क्रमांकांना पुस्तकं द्या, पुढच्या आठवड्यात सम क्रमांकांना. बाकीच्यांनी तिथेच बसून वाचायचं. पुस्तक चाळून निवडायला मुलाला वेळ हवाच. कपाटाबाहेर उभं राहून मागायला लावलं तर ते ओळखीचं एकच नाव सांगत राहतं. आणि हा तास जूनमध्ये वेळापत्रकात छापून घ्या, नाहीतर गैरहजर शिक्षकाच्या जागी ग्रंथपालाला पाठवलं जातं आणि ग्रंथालय बंद राहतं.

पडताळणी वार्षिक परीक्षा संपल्यावर, देवघेव थांबवून करावी. दाखल क्रमांकांची छापील यादी घेऊन कपाटांपुढे एकाने क्रमांक वाचायचे, दुसऱ्याने खुणा करायच्या. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम 215 आहे. त्यानुसार 20,000 ग्रंथांपर्यंतच्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी करायची असते. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे 5 गहाळ होणं वाजवी मानलं आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. 1,000 रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ ग्रंथ गहाळ झाला तर चौकशी होतेच. हे नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहेत, खाजगी शाळेत संस्थेचे नियम पाहावेत. पण पुस्तकं वापरली की काही जाणारच, हे सरकारनेही धरलेलं आहे, आणि व्यवस्थापनाशी बोलताना हा आधार फार उपयोगी पडतो. देवघेवीचे एकूण आकडे महिन्यावार लिहून ठेवले असतील तरच तो वापरता येतो.

गहाळ आणि फाटक्या पुस्तकांच्या याद्या वेगवेगळ्या करून त्याच वर्षी मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याची, लेखी मंजुरी मिळेपर्यंत फाटकं पुस्तकही रद्दीत घालू नका. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख दाखल नोंदवहीच्या शेरा रकान्यात लाल शाईने लिहा. पाच-सहा वर्षांची यादी एकदम पुढे केली की प्रश्न पुस्तकांबद्दल न राहता ग्रंथपालाबद्दल विचारले जातात.