आधी नळीचा रंग बघा

बारावी सायन्सनंतर पर्फ्युजन टेक्नॉलॉजीला ॲडमिशन घेतलं, तेव्हा पोरगा नक्की काय शिकतोय हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आत्या अजूनही पाहुण्यांना 'तो हार्टच्या मशिनवर असतो' असंच सांगते, आणि ते काही चूक नाही. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की तेवढा वेळ पंपाने रक्त फिरवायचं, हे आमचं काम. ओ.टी.तलं हे सगळं कॉलेज आणि इंटर्नशिप मिळून शिकवतात. पण ऑपरेशननंतर आयसीयूत पेशंटचं हृदय बंद पडलं तर काय करायचं, ते मी पहिल्या नोकरीत धडपडत शिकलो. नव्याने येणाऱ्यांसाठी तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, वॉर्डातला सीपीआर इथे जसाच्या तसा चालत नाही. छातीचं हाड नुकतंच तारेने बांधलेलं असतं, आत ताजे टाके असतात. म्हणून मिनिटभरात जमत असेल तर मसाजच्या (छाती दाबण्याच्या) आधी इलाज. फिब्रिलेशन (हृदय नुसतंच थरथरतंय) असेल तर लागोपाठ तीन शॉक. हृदय नुसतंच थांबलं असेल आणि पेसिंगच्या (विजेने ठोके देणाऱ्या) वायरी असतील तर पेसिंग. एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन सवयीने ढकलायचं नाही, कारण हृदय परत चालू झालं की बीपी उसळतं आणि टाके फाटतात. एवढं करूनही जमलं नाही, तर पाच मिनिटांच्या आत बेडवरच छाती पुन्हा उघडायची. युरोपातल्या सर्जनांच्या संघटनेने हे २००९ मध्ये लिहून ठेवलं, अमेरिकेतल्या संघटनेने २०१७ मध्ये. कित्येकदा आत साचलेलं रक्त काढल्याबरोबर हृदय चालू लागतं आणि आम्ही एक्मोचं मशिन (बाहेरून रक्त फिरवून त्यात ऑक्सिजन भरणारं) तसंच परत नेतो. अशा वेळी मशिन ढकलायला जड वाटत नाही.

नाही चाललं, तर एक्मो. छाती उघडी असली की कॅन्युला (जाड नळ्या) थेट उजव्या कर्णिकेत आणि महाधमनीत, नाहीतर मांडीतून.

माझा पहिला असा कॉल पहाटे पावणेतीनचा. बायपासला दुसराच दिवस झालेले एक काका. सर्जनचा हात आत, हृदय मुठीत धरून मसाज चालू. नळ्या जोडताना दोन्ही तोंडांवर सलाईन ओतत राहायचं, हवेचा एक बुडबुडा आत जाता कामा नये. तो भाग मला व्यवस्थित जमला. क्लॅम्प (नळीचा चिमटा) काढला, फ्लो मिनिटाला ३.८ लिटरवर गेला, सगळ्यांनी श्वास सोडला आणि मी ऐटीत चार्ट भरायला घेतला.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "अरे, दोन्ही नळ्या सारख्याच दिसतायत की रे."

पेशंटकडून येणारी नळी पिकल्या जांभळासारखी आणि जाणारी लालभडक, असं दिसायला हवं. माझ्या दोन्ही नळ्या जांभळ्या. रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या ऑक्सिजनेटरला गॅसच मिळत नव्हता. सिलिंडरची चावी कुणी फिरवलीच नव्हती. 'कुणी' म्हणजे मी. अर्ध्या मिनिटात रंग पालटला, पण तेवढा वेळ मी काळं रक्तच मोठ्या जोमात फिरवत होतो. मॉनिटरवरचे आकडे नंतर वाचा, आधी नळीचा रंग बघा.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. येणारी नळी थरथरायला लागते, फ्लो पडतो आणि हात आपोआप आरपीएम (पंपाचे मिनिटाचे फेरे) वाढवायला जातो. उलट करायचं. थरथर म्हणजे पंप ओढतोय तेवढं रक्त मिळत नाही: व्हॉल्यूम कमी आहे, कॅन्युला हलली आहे किंवा छातीत पुन्हा रक्त साचतंय. आरपीएम थोडा उतरवा आणि तोंडाने ओरडून सांगा. मनातल्या मनात विचार करत बसलेला पर्फ्युजनिस्ट कामाचा नाही.

हा पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरणं थांबलं की रक्त उलटं वाहतं. म्हणून सुरू करताना आरपीएम दीड हजारापर्यंत नेऊन मगच क्लॅम्प सोडायचा. वीज गेली, बॅटरीही बसली, तर आधी क्लॅम्प, मग हँड क्रँक (पंप हाताने फिरवायचा दांडा).

पुढचे दिवस खरे वैतागाचे. रक्त पातळ ठेवावं तर टाके गळतात, न ठेवावं तर सर्किटमध्ये गुठळ्या धरतात. मांडीतून घातलं असेल तर त्या पायाला वेगळी बारीक नळी द्यावी लागते, आणि ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) उजव्या हातातूनच घ्यायचा, नाहीतर मेंदूला कसलं रक्त जातंय ते कळणारच नाही. मॉनिटरवरची धमनीच्या दाबाची रेघ सपाट झाली, तर डावं हृदय फुगतंय की काय, अशी शंका घ्या आणि सरांना रात्रीसुद्धा उठवा. शिव्या खाव्या लागतील, खा.

नातेवाइकांना आकडे डॉक्टर सांगतात, पण कॉरिडॉरमध्ये गाठून विचारतात आपल्याला. हृदयाच्या ऑपरेशननंतर एक्मोवर गेलेल्यांतले निम्म्याहून जास्त घरी जात नाहीत. "मशिन चालू आहे ना?" या प्रश्नाला "हो" म्हणताना ते डोक्यात असू द्या. ते काका पाचव्या दिवशी पंपावरून उतरले, हृदय सावरलं होतं. किडनीने मात्र साथ दिली नाही. अकराव्या दिवशी गेले.

आता ड्युटीवर आलो की चहाच्या आधी स्टोअरमधल्या मशिनपाशी जातो. चावी फिरवून सिलिंडरचा काटा बघायचा, बॅटरी, क्रँक, क्लॅम्प मोजायचे. सहापैकी पाचच भरतात. सहावा कोण नेतं, ते तीन वर्षांत सापडलेलं नाही.