छोटा मदरबोर्ड, मोजके पैसे : जुना संगणक सुधारताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अनेक घरांत, सेतू केंद्रांत आणि केळीच्या व्यवहाराचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयांत नीट चालणारे संगणकही बदलण्याची वेळ आली आहे. कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मॉनिटर तेच ठेवून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम नवी घ्यावी, हा विचार योग्यच आहे. मात्र बोर्ड चुकला की बाकीची बचतही हातची जाते.

सर्वांत आधी सांगायला हवी ती चूक म्हणजे खोके नवे आहे म्हणून बोर्डही नवा समजणे. एच६१ हा इंटेलचा चिपसेट (बोर्डचे नियंत्रण करणारी मुख्य चिप) २०११ सालचा आहे, तरीही त्यावर बनवलेले कोरे करकरीत आणि एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा) स्लॉट जोडलेले बोर्ड आजही बाजारात अगदी कमी किमतीत मिळतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर आणि डीडीआर३ रॅमवर चालतात, चिपसेटचे साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडण्याचे) सेकंदाला ३ गिगाबिटचेच असतात आणि विंडोज ११ च्या अटींत ही जोडणी बसत नाही. बंद पडलेले जुने यंत्र पुन्हा चालू करण्यापुरता असा बोर्ड घेणे मी समजू शकतो. पुढची पाच वर्षे काढण्यासाठी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा गैरसमज आकाराचा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर लांबी-रुंदीचा, तर मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ मिलिमीटरचा असतो. पण लहान बोर्ड स्वस्त असेलच असे नाही, उलट तेवढ्याच जागेत सारे बसवावे लागत असल्याने मिनी-आयटीएक्स बहुधा महागच पडतो आणि त्यावर विस्तारासाठी एकच स्लॉट मिळतो. घरातले कॅबिनेट नेहमीच्या आकाराचे असेल तर मायक्रो-एटीएक्सच घ्यावा. या वर्गातले स्वस्त बोर्ड अनेकदा २४४ मिलिमीटरपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे त्यांची रॅमकडची कड स्क्रूच्या आधाराशिवाय अधांतरी राहते. रॅम किंवा एसएमपीएसची २४ पिनांची जोडणी दाबताना त्या कडेखाली बोट धरावे, नाहीतर बोर्ड वाकतो.

सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, जुळले की काम झाले, असेही नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचे नाव सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंत तेच राहिले, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. एच६१० आणि बी७६० चिपसेटचे बोर्ड काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे येतात, आणि रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही. हाताशी डीडीआर४ रॅम असेल तर बोर्डचे पूर्ण मॉडेल नाव वाचूनच पैसे द्यावेत. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या सॉकेटमध्ये एएम४ म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे केवळ डीडीआर५, इतके ते सरळ आहे. एच६१० बोर्ड बराच काळ दुकानात पडून असेल तर चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी त्याचा बायोस (बोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा लागू शकतो; ते काम दुकानदाराकडूनच करवून, स्क्रीनवर डिस्प्ले पाहूनच बोर्ड घरी आणावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार मात्र फार थोडे ग्राहक करतात. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून तापलेली असते. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम भागावर स्वस्त बोर्डमध्ये अनेकदा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसते. इंटेलच्या आय५-१२४०० प्रोसेसरचे वीजवापराचे मूळ प्रमाण ६५ वॅट असले तरी टर्बोमध्ये, म्हणजे जादा वेगाने चालताना, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि व्हीआरएम तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. माझ्या चोपड्याच्या मावसभावाचा संगणक दुपारी रेंगाळायचा आणि रात्री सुरळीत चालायचा. कॅबिनेटमागे धूळ काढून एक पंखा जोडल्यावर तक्रार थांबली. म्हणून हीटसिंक असलेल्या बोर्डसाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला खान्देशात आवश्यक वाटते.

जुना संगणक कार्यालयीन ब्रँडेड संच असेल, तर एसएमपीएसची जोडणी आधी उघडून पाहावी. अशा अनेक संचांत नेहमीच्या २४ पिनांऐवजी कंपनीची स्वतःची वेगळी जोडणी असते, आणि मग बोर्डबरोबर एसएमपीएसही घ्यावा लागतो. काही वेळा कॅबिनेटसुद्धा.

सारे जोडून पंखा फिरला, पण डिस्प्ले आला नाही, तर लगेच बोर्ड खराब ठरवू नये. प्रोसेसरशेजारची ४ किंवा ८ पिनांची वीजजोडणी राहिली आहे का ते पाहावे, मग रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावी. इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतात. वेगळे कार्ड नसताना बोर्डच्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. तरीही डिस्प्ले येत नसेल तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवावा. बाहेर तो चालला, तर कॅबिनेटमध्ये जुन्या बोर्डसाठी लावलेला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उंचावर धरणारा छोटा खुंट) नव्या बोर्डच्या पाठीला टेकत असण्याची शक्यता मोठी. ज्या जागी नव्या बोर्डला भोक नाही, तिथला स्टँडऑफ काढून टाकावा.